बिबट्या हलवला, मग काय झालं?

दोस्तांनो, आधी वहीत दोन आकडे लिहून घ्या. ४ आणि १७.

हे कुठल्या सामन्यातले गोल नाहीत बरं का! पुणे जिल्ह्याच्या उत्तरेला जुन्नर वनविभाग आहे. जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर हे तालुके त्यात येतात. ओतूर, नारायणगाव, मंचर, घोडेगाव ही नावं तुमच्यापैकी पुष्कळांनी एसटीच्या पाटीवर वाचली असतील. या भागात १९९३ पासून २००१ च्या सुरुवातीपर्यंत बिबट्याने माणसांवर केलेले हल्ले वर्षाला सरासरी ४ होते. त्यानंतर, २००३ पर्यंतच्या काळात, ते वर्षाला सरासरी १७ झाले. जिवावर बेतणाऱ्या हल्ल्यांचं प्रमाणही दुप्पट झालं. बळी पडलेल्यांत तुमच्याहून लहान मुलंही होती.

असं का झालं असेल? पुढे वाचण्याआधी तुमचं उत्तर वहीत लिहा. खोडायचं मात्र नाही हं!

बहुतेकांनी लिहिलं असेल, ‘ऊस वाढला म्हणून.’ उत्तर अगदीच टाकाऊ नाही. माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे आणि आंबेगावातलं डिंभे या धरणांमुळे या भागात पाणी आलं, पाण्यामागून ऊस आला. उंच वाढलेल्या उसात बिबट्याला लपायला जागा मिळते, मादी तिथेच पिल्लं घालते. पण ऊस काही जादूच्या कांडीने एका रात्रीत उगवत नाही! तो १९९३ ते २००१ या काळातही होताच, आणि तेव्हा हल्ले वर्षाला चारच होते. मग आकडा एकदम चौपटीच्या वर का गेला? हळूहळू वाढणाऱ्या कारणाने अशी अचानक उडी समजावून सांगता येत नाही.

तेव्हा नक्की काय बदललं, ते शोधायला हवं. फेब्रुवारी २००१ मध्ये एक मोहीम सुरू झाली होती. शेतातले बिबटे पिंजऱ्यात पकडायचे आणि आसपासच्या जंगलात नेऊन सोडायचे. असे २९ बिबटे हलवले गेले, सरासरी सुमारे ४० किलोमीटर दूर. हेतू चांगलाच होता. बिबट्या गेला की भीती गेली, असं कुणालाही वाटेल. मलाही वाटलं असतं. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या भागातल्या हल्ल्यांच्या नोंदी तपासल्या. मोहिमेआधीचे हल्ले किती, नंतरचे किती, हे त्यांनी मांडलं आणि २०११ मध्ये शोधनिबंध प्रसिद्ध केला. वहीतले दोन आकडे त्यातलेच.

आता कुणी टुणकन उडी मारून म्हणेल, ‘म्हणजे बिबटे हलवले म्हणून हल्ले वाढले!’ थांबा, थांबा. एकामागून दुसरं घडलं, एवढ्याने पहिलं दुसऱ्याचं कारण ठरत नाही. कोंबडा आरवतो आणि मग सूर्य उगवतो. पण कोंबड्याने काही सूर्य उगवला नाही!

शाळेत तुम्ही मुगाचा प्रयोग करता ना? एक वाटी उजेडात, दुसरी अंधारात. मूग तेच, पाणी तेवढंच. फरक फक्त उजेडाचा, म्हणून निष्कर्ष काढता येतो. उजेडातल्या वाटीत पाणी घालायला विसरलात, तर सगळा घोटाळा! कोंब कमी आले ते उजेडामुळे की तहानेमुळे, कोण सांगणार? जुन्नरमध्ये मात्र दुसरी वाटी मांडता येत नव्हती. अर्ध्या गावांत बिबटे सोडा, अर्ध्या गावांत सोडू नका आणि कुठे जास्त माणसं मरतात ते मोजा, असं कोण करील? माणसांच्या जिवावर प्रयोग करत नाहीत. म्हणून अशा वेळी शास्त्रज्ञ पहिल्याच आकड्यांना आडवेतिडवे प्रश्न विचारतात.

पहिला प्रश्न : ही वाढ निव्वळ योगायोगाची तर नाही? एखादं वर्ष वाईट जातंच. संख्याशास्त्राने तपासल्यावरही वाढ खरीच ठरली. दुसरा प्रश्न : हल्ले आधीच वाढले होते आणि म्हणून बिबटे पकडले, असं उलटं तर नाही? या शंकेने सगळं चित्र पालटू शकलं असतं. पण मोहिमेआधीची सरासरी चारच होती, मोठी वाढ नंतर आली. तिसरा प्रश्न सगळ्यात अवघड : बिबट्या हलवल्याने हल्ले वाढतील तरी कसे?

इथे आपल्या मदतीला येतो ‘आजोबा’!

२००९ मध्ये अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या टाकळी ढोकेश्वरजवळ एक बिबट्या विहिरीत पडला. त्याला बाहेर काढून, गळ्यात उपग्रहाकडून ठावठिकाणा कळणारा पट्टा बांधून, माळशेज घाटात सोडलं. वय झालेला नर, म्हणून नाव आजोबा. तो तिथे राहिला का? छे! महिनाभरात सुमारे १२० किलोमीटर चालून तो थेट मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या बाजूला पोहोचला. वाटेत हमरस्ता ओलांडला, कसाऱ्याचं रेल्वे स्टेशन पार केलं आणि वसईच्या खाडीत पोहलाही! इतक्या प्रवासात त्याने कुणा माणसावर हल्ला केल्याची नोंद नाही. २०११ च्या डिसेंबरमध्ये वाहनाच्या धडकेने तो गेला. २०१४ मध्ये त्याच्यावर मराठी चित्रपटही निघाला.

आजोबामुळे एवढं कळलं, की बिबट्याला जिथे सोडलं तिथे तो राहीलच असं नाही. अनोळखी मुलखात आणून टाकलेला, बिथरलेला बिबट्या भटकतो. त्याच्या रिकाम्या जागी दुसरा येऊ शकतो. यातून माणसांशी गाठ जास्त पडत असावी, असं अभ्यासकांना वाटतं. मी ‘असावी’ लिहिलंय, ‘असते’ नाही, हे पाहिलंत ना? एका आजोबावरून ‘सगळे बिबटे असेच वागतात’ म्हणणं चूक. त्या अभ्यासात पट्टा बांधलेले बिबटे पाच होते. पाच म्हणजेही थोडेच.

आणखी एक गंमत. जुन्नरच्या उत्तरेला डोंगरापलीकडे अकोले तालुका. तिथला बिबट्या काय खातो? वनखात्याची नोंदवही पाहिली तर शेळ्या दिसतील. पण अभ्यासकांनी बिबट्याची विष्ठा गोळा करून, त्यातले केस तपासून हिशेब मांडला. खाण्यात कुत्री ३९ टक्के आणि शेळ्या फक्त ११ टक्के! आणि तालुक्यात शेळ्या तर कुत्र्यांच्या सात पट होत्या. मग नोंदवही खोटी का? नाही. शेळी गेली की पंचनामा होतो, भरपाई मिळते. गल्लीतल्या भटक्या कुत्र्याचा पंचनामा कोण करणार? नोंदवहीत दिसतं ते लोकांनी कळवलेलं, बिबट्याने खाल्लेलं नव्हे.

आता ‘बिबट्याला कुत्रं जास्त आवडतं’ हा निष्कर्ष बरोबर का? घाई नको. शेळ्या रात्री गोठ्यात असतात, कुत्री उघड्यावर. आवडतं म्हणून खाल्लं की सापडतं म्हणून, हे या आकड्यांवरून ठरवता येत नाही.

आई-बाबांसाठीही एक प्रश्न आहे. हल्ला झाला की गावाबाहेर पिंजरा लागतो. दोन-चार दिवसांनी एक बिबट्या त्यात सापडतो आणि ‘हल्लेखोर बिबट्या अखेर जेरबंद’ अशी बातमी छापून येते. उत्तर पुणे जिल्ह्यात अशा बातम्या आजही येतात. ज्या घरातलं माणूस गेलं, त्या घराला तो बिबट्या पकडलेला हवाच असतो. पण अडकलेला बिबट्या तोच कशावरून? तो तोच आहे की दुसराच, हे ठरवायला काय काय तपासावं लागेल? रात्री जेवताना यादी करा. मग सुरुवातीला वहीत लिहिलेलं उत्तर काढा आणि त्याच्यापुढे, आज तुम्ही काय लिहाल, ते लिहा.