कुत्र्यासाठी कुंपण: जीपीएस कॉलर, झटका मशीन की साधी जाळी?

रात्रीचे दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. मी पुण्यात, हिंजवडीच्या फ्लॅटवर गाढ झोपेत. मोबाईल वाजला. ॲपचा अलर्ट होता: बंड्या सेफ झोनच्या बाहेर! घाबरून नाशिकला बाबांना फोन लावला. ते स्वेटर चढवून, टॉर्च घेऊन बाहेर आले, तर बंड्या ओट्यावर पोत्यावर पडून घोरत होता.

"अरे, इथंच आहे की तो! तुझं मशीनच झोपेत चालतंय वाटतं."

त्या आठवड्यातली ही तिसरी वेळ होती.

आमचं घर नाशिकच्या मखमलाबाद बाजूला आहे. घर आणि अंगण मिळून साडेतीन गुंठे, भोवती चार फुटांची भिंत, मागे द्राक्षबागा. बंड्या गावठी आहे, अंगाने सडपातळ. भिंतीवरून उडी मारणं त्याच्या डाव्या पायाचा खेळ. एकदा रस्त्यावर मोटारसायकलची धडक बसून तो महिनाभर लंगडत होता. तेव्हा बाबा म्हणाले, "तू इंजिनिअर आहेस ना, मग काहीतरी कर." मी लगेच जीपीएस कॉलर मागवली. पुढच्या सहा महिन्यांत जे शिकलो, ते इथे सांगतोय. पैसे खर्च करण्याआधी वाचून घ्या.

जीपीएस कॉलर: नकाशावरचं कुंपण

कॉलरमधला रिसीव्हर साधारण २०,२०० किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहांचे सिग्नल पकडतो. सिग्नल पोचायला किती वेळ लागला, यावरून अंतर काढतो आणि अंतरांवरून जागा ठरवतो. मग आतल्या सिमवरून ती जागा सर्व्हरला जाते. तुम्ही ॲपमध्ये आखलेल्या गोलाच्या आत ती आहे की बाहेर, एवढंच सर्व्हर तपासतो. यालाच जिओफेन्स म्हणतात.

आता गणित बघा. सिग्नल प्रकाशाच्या वेगाने येतो, म्हणजे एका नॅनोसेकंदात सुमारे ३० सेंटिमीटर. वेळ मोजताना फक्त १० नॅनोसेकंदांची चूक झाली, तरी अंतर ३ मीटरने चुकतं. उघड्या आकाशाखाली साध्या स्मार्टफोनची चूकही सुमारे ५ मीटर धरतात. पत्र्याखाली किंवा भिंतीलगत सिग्नल आपटून उशिरा पोचतो, त्यामुळे चूक आणखी वाढते. आमच्या घराच्या भिंतीपासून कुंपणापर्यंतचं अंतरच ५-६ मीटर आहे! म्हणजे बंड्या जागेवर झोपलेला असतानाही नकाशावर शेजारच्या बागेत फिरून यायचा.

दुसरी अडचण बॅटरीची. ती वाचवायची म्हणून कॉलर दर सेकंदाला जागा कळवत नाही. मिनिटाने कळवते असं धरा. ताशी ३० किलोमीटरने पळणारं कुत्रं मिनिटात ५०० मीटर जातं. अलर्ट येईपर्यंत बंड्या मेन रोडवर.

तेव्हा जीपीएस कॉलर हे कुंपण नाही, हरवलेलं कुत्रं शोधायचं साधन आहे. त्या कामाला मात्र उत्तम.

जमिनीखालची वायर: न दिसणारं कुंपण

पुढचा शोध मला फार आवडला होता. अंगणाच्या कडेने जमिनीखाली वायरचा वेढा पुरायचा आणि त्यात ट्रान्समीटरने कमी फ्रिक्वेन्सीचा सिग्नल सोडायचा. वायरभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं. कुत्रं जवळ आलं की पट्ट्यातल्या कॉइलला ते कळतं. आधी बीप वाजतो. तरीही पुढे गेलं तर मानेला शॉक. अमेरिकेत रिचर्ड पेक यांना १९७३ मध्ये याचं पेटंट मिळालं आणि तिथे हे बरंच वापरलं जातं. दुसरीकडे वेल्सने २०१० मध्ये असे शॉक देणारे पट्टे वापरायला बंदी घातली.

जनावराला दुखावण्याचा प्रश्न घटकाभर बाजूला ठेवू. इंजिनिअर म्हणून बघितलं तरी यात भोकं आहेत. लाईट गेली की कुंपण गेलं. पट्ट्याची बॅटरी संपली की गेलं. कुदळीने वायर तुटली की गेलं. शिवाय मांजर दिसल्यावर उधळलेलं कुत्रं शॉक खाऊनही पार होतं, आणि परत येताना त्याच शॉकला घाबरून बाहेरच थांबतं.

झटका मशीन: शेतात ठीक, अंगणात?

"सोलरचं झटका मशीन लाव," असं शेजारच्या काकांनी सुचवलं. आमच्याकडे शेतात ही मशीन सर्रास दिसतात. यात बॅटरी एक कपॅसिटर भरते आणि तो तारेत एकदम रिकामा होतो. व्होल्टेज काही हजार असतं, पण झटका एका सेकंदाच्या शंभराव्या भागापेक्षाही कमी वेळ टिकतो आणि दोन झटक्यांमध्ये साधारण एक सेकंद जातो. एका झटक्यात किती ऊर्जा असावी, यावरही आयईसी ६०३३५-२-७६ या मानकात मर्यादा आहे. त्यामुळे जनावर दचकतं आणि त्याला मागे सरायला वेळ मिळतो.

घरातला २३० व्होल्टचा करंट थेट तारेत सोडणं ही मात्र पूर्ण वेगळी गोष्ट आहे. तो सलग वाहतो, स्नायू आखडतात, हात सुटत नाही, हृदय बंद पडतं. हा गुन्हा आहेच, आणि त्यात पहिला जीव बहुतेक वेळा घरातल्याच कुणाचा तरी जातो. कुणी कितीही सांगितलं, तरी हे करू नका.

आणि खरं मशीनही बंड्यासाठी कामाचं नव्हतं. झटका बसायला सर्किट पूर्ण व्हावं लागतं, म्हणजे करंट तारेतून अंगात आणि पायातून जमिनीत जायला हवा. उडी मारणारं कुत्रं तारेला लागतं तेव्हा त्याचे पाय हवेत असतात!

मग ती रात्र आली

डिसेंबरात पलीकडच्या मळ्यातलं कुत्रं बिबट्याने नेलं. ते पळून जाऊ नये म्हणून रात्री साखळीने बांधलेलं असायचं. सकाळी खुंट्याला साखळी आणि तुटलेला पट्टा, एवढंच उरलं होतं.

नाशिककरांना बिबट्या नवा नाही. जानेवारी २०१९ मध्ये तो गंगापूर रोडला सावरकर नगरात, भरवस्तीत शिरला होता. आपल्या जिल्ह्याला लागून असलेल्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास केला. त्यात वजनाच्या हिशोबाने बिबट्याच्या खाण्यात ३९ टक्के वाटा पाळीव आणि मोकाट कुत्र्यांचा निघाला.

मी पुण्यात बसून विचार करत होतो. त्या कुत्र्याच्या गळ्यात माझी कॉलर असती तर? ॲपने त्याला अगदी शेवटपर्यंत 'सेफ झोनमध्ये' दाखवलं असतं.

चूक तिथे लक्षात आली. सहा महिने मी एकच प्रश्न सोडवत होतो: बंड्या बाहेर कसा जाणार नाही? पण कुंपणाला दोन बाजू असतात. आत काय येऊ शकतं, हा प्रश्न मी विचारलाच नव्हता. पिसाळलेलं कुत्रं, मोकाट टोळी, बिबट्या, यांच्या गळ्यात आपला पट्टा नसतो. त्यांच्यासाठी जीपीएस आणि पुरलेली वायर असून नसल्यासारखीच.

साखळी तर सगळ्यांत वाईट, कारण कुत्र्याला पळताही येत नाही. कायद्यालाही ती सरसकट मान्य नाही. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ नुसार जनावराला अवाजवी वेळ, अवाजवी आखूड किंवा जड साखळीने बांधणं गुन्हा आहे. कायम बांधलेल्या कुत्र्याला फिरवून व्यायाम न देणं हाही त्याच कलमात येतो.

शेवटी आम्ही काय केलं

दिवसाचं आणि रात्रीचं उत्तर वेगळं काढलं.

दिवसासाठी: भिंतीवर लोखंडी अँगल ठोकून जाळी लावली, एकूण उंची सहा फूट. अँगलची वरची टोकं आतल्या बाजूला वाकवून घेतली, म्हणजे चढणाऱ्याला पकड मिळत नाही. काटेरी तार टाळली, कारण उडी फसली तर पोट फाटतं. भिंतीलगतच्या विटांचा ढीग हलवला, बंड्याची ती शिडीच होती. गेटखालची फट पट्टी मारून बंद केली आणि गेटला आपोआप लागणारी कडी बसवली.

रात्रीसाठी: सहा फूट उंच जाळीने बिबट्या थांबत नाही, म्हणून घराला लागून ८ बाय ६ फुटांचा पिंजरा केला. अँगलची फ्रेम, चारही बाजूंना जाड वेल्डमेश, खाली सिमेंटचा कोबा. वर जाळी आणि त्यावर पत्रा. छत नसेल तर तो पिंजरा नाही, हे लक्षात ठेवा. दाराला दोन कड्या लावल्या. झोपायची फळी जाळीपासून दोन फूट आत ठेवली, कारण जाळीतून पंजा आत येऊ शकतो. उन्हाळ्यात पत्रा तापतो, म्हणून दिवसा त्याला आत कोंडत नाही. उरलेलं अन्न रात्री बाहेर ठेवत नाही, कारण त्यावर मोकाट कुत्री येतात आणि कुत्र्यांच्या मागे बिबट्या. रेबीजची लस दरवर्षी. बिबट्या दिसला तर वनविभागाची हेल्पलाईन १९२६, हा नंबर फ्रिजवर चिकटवलाय.

कॉलर अजूनही बंड्याच्या गळ्यात आहे, फक्त जिओफेन्सचे अलर्ट बंद केलेत. कधी हरवलाच तर शोधायला उपयोगी पडेल. पट्ट्यावर बाबांचा मोबाईल नंबर कोरलेली पितळी पट्टीही आहे. तिला ना बॅटरी लागते ना नेटवर्क.

सुरुवातीचे चार दिवस बंड्या पिंजऱ्यात जायला तयार नव्हता. बाबांनी त्याची भाकरी आत ठेवायला सुरुवात केली. आता रात्री नऊ वाजले की तो स्वतःहून जाऊन फळीवर बसतो. बाबा दोन्ही कड्या लावतात आणि मला मेसेज करतात: "झोपला." सगळ्या सिस्टीममध्ये मला हाच अलर्ट सगळ्यात भरवशाचा वाटतो.