‘जॉइंटली अँड सेव्हरली’ म्हणजे नेमकं काय?

गटाच्या कर्जाच्या कागदांवर ‘जॉइंटली अँड सेव्हरली’ असे इंग्रजी शब्द बऱ्याचदा असतात. ‘जॉइंटली’ म्हणजे सगळ्या मिळून, हे पटकन कळतं. गोंधळ होतो तो ‘सेव्हरली’पाशी. शाळेत आपण ‘सेव्हरल’ म्हणजे ‘अनेक’ असं शिकलो. म्हणून काही जणी ‘अनेकींनी मिळून’ असा अर्थ लावतात. काहींना वाटतं, आपला हिस्सा फेडला की आपण सुटलो.

दोन्ही अर्थ चुकीचे. ‘सेव्हरल’चा जुना अर्थ ‘वेगवेगळा, सुटा’ असा आहे आणि कायद्याच्या भाषेत तोच टिकलाय. म्हणजे सगळ्या मिळून जबाबदार आहेतच, शिवाय प्रत्येक जण एकटीसुद्धा पूर्ण कर्जाला जबाबदार.

समजा, दहा जणींनी अशा सह्या करून ३ लाखांचं कर्ज घेतलं. तुम्ही तुमचे ३० हजार फेडलेत, पण दोघींचे मिळून ६० हजार थकले. ते बँक तुमच्या एकटीकडेही मागू शकते. भारतीय करार कायदा, १८७२ याच्या ४३व्या कलमात, करारात वेगळं ठरलेलं नसेल तर, हाच नियम आहे. दिलासाही त्याच कलमात आहे : जिनं इतरांचं भरलं, तिला ते त्यांच्याकडून वसूल करता येतं.

तेव्हा सही करण्याआधी दोन गोष्टी विचारा. एकूण रक्कम किती? आणि माझ्यासोबत सही कोण कोण करतंय? हप्ता आपल्या वाट्याचा असतो, सही मात्र सगळ्या रकमेवर होते.