कोंडा बुरशीचा की डोक्याचा?

कोंड्यावरच्या शाम्पूच्या जाहिरातींत एक गोष्ट गृहीत धरलेली असते: डोक्यात कुणी परका जंतू शिरला आहे, तो मारला की कोंडा संपला. जंतू आहे हे खरे, पण परका तो मुळीच नाही. मॅलेसेझिया नावाची ही एकपेशीय बुरशी, यीस्टच्या जातकुळीतली, वयात आलेल्या जवळजवळ प्रत्येकाच्या डोक्यावर, कपाळावर, पाठीवर नांदत असते. ज्याच्या काळ्या शर्टावर आयुष्यात पांढरा कण पडलेला नाही, त्याच्याही. लुई-शार्ल मॅलेसे या फ्रेंच संशोधकाने १८७४ साली कोंड्याच्या खपल्यांत अंकुर फुटणाऱ्या या पेशी पाहिल्या आणि दुखण्याचे कारण हेच, असे सांगितले. तेव्हापासून एक प्रश्न काही केल्या पाठ सोडत नाही. जी बुरशी सगळ्यांच्याच डोक्यावर आहे, ती काहींच्याच कोंड्याला जबाबदार कशी? माझ्या मते पुराव्यातून निघणारे उत्तर असे की कोंडा हा संसर्ग नव्हेच. बुरशी, त्वचेतून पाझरणारे तेल आणि त्या तेलाचे अवशेष सोसण्याची त्या त्या माणसाच्या कातडीची कुवत, या तिघांचा तो व्यवहार आहे. यातले कुठलेही एक कारण सुटे काढून दाखवता येत नाही.

बुरशीला निर्दोष ठरवण्याचा सर्वांत गंभीर प्रयत्न अमेरिकेत झाला. जेम्स लेडन, केनेथ मॅकगिन्ली आणि अल्बर्ट क्लिगमन यांनी १९७६ साली निबंध लिहून सांगितले की डोक्यावरचे सूक्ष्मजीव औषधाने दडपले तरी खपल्या कमी होत नाहीत. कोंडा असलेल्या डोक्यावर बुरशी जास्त सापडते ती खपल्यांमुळे, खपल्या बुरशीमुळे नव्हेत, असा त्यांचा निष्कर्ष. आक्षेप हलका नव्हता, कारण दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही. मग सेलेनियम सल्फाइडसारख्या औषधांनी कोंडा कमी का होतो? ती पेशींची वाढ मंदावतात म्हणून, हे त्यांचे उत्तर. ब्रिटनमधील सॅम शुस्टर यांनी १९८४ साली हा युक्तिवाद उलटवला. कोंड्यावर लागू पडणारी औषधे रासायनिकदृष्ट्या एकमेकांशी फारसे नाते सांगत नाहीत. त्यांच्यात समान काय, तर सगळी बुरशीला मारक आहेत. त्यात कीटोकोनॅझोल आले. बुरशीच्या पेशीपटलाला लागणारे एर्गोस्टेरॉल ते तयार होऊ देत नाही, आणि कोंड्यावर ते चांगलेच लागू पडले. उपचाराने बुरशी कमी झाली की खपल्या उतरतात, आणि उपचार थांबवला की काही आठवड्यांत दोन्ही परत येतात. बुरशीशिवाय कोंडा नाही, इतके यावरून मानायला हरकत नसावी. पण बुरशी आहे म्हणजे कोंडा असणारच, असे मात्र ठरत नाही.

ही बुरशी खाते काय, हे पाहिल्याशिवाय पुढचे समजत नाही. मॅलेसेझिया ग्लोबोसा या जातीचा जनुकसंच २००७ साली उलगडला तेव्हा दिसले की मेदाम्ले स्वतः तयार करण्याची यंत्रणाच तिच्यापाशी नाही. मेद तिला आयता लागतो. म्हणूनच प्रयोगशाळेत ती वाढवायची तर माध्यमावर ऑलिव्ह तेलाचा थर देण्याची जुनी रीत आहे. डोक्यावर हे तेल तैलग्रंथी पुरवतात. बुरशी लायपेज नावाची विकरे बाहेर सोडते, ती तेलातल्या ट्रायग्लिसराइडचे तुकडे करतात. त्यांतली संपृक्त मेदाम्ले ती उचलते आणि ओलेइक आम्लासारखी असंपृक्त मेदाम्ले कातडीवर तशीच टाकून देते. हा उष्टा मेद त्वचेच्या वरच्या थरात मुरून त्याची बांधणी सैल करतो. त्वचा घाईने नव्या पेशी वर ढकलू लागते. एरवी वर येईपर्यंत पेशीतले केंद्रक नाहीसे झालेले असते आणि पेशी सुट्या सुट्या, डोळ्यांना न दिसता गळतात. इथे केंद्रकासकट अर्धवट पिकलेल्या पेशी एकमेकींना चिकटून पुंजक्याने सुटतात. खांद्यावर पडते ती हीच खपली. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात बुरशीवर न विसंबता थेट ओलेइक आम्लच लोकांच्या डोक्याला लावले. ज्यांना कोंड्याची खोड होती त्यांच्याच खपल्या निघाल्या, बाकीच्यांना काही झाले नाही. आम्ल तेच, तेव्हा फरक कातडीतच शोधायला हवा. हे संशोधन प्रॉक्टर अँड गॅम्बलच्या, म्हणजे कोंड्याचे शाम्पू विकणाऱ्या कंपनीच्याच शास्त्रज्ञांनी केले. एरवी अशा ठिकाणी कंपनीचे हितसंबंध शोधावेत, पण नुसती बुरशी मारून भागत नाही हे सांगणारा निष्कर्ष जाहिरातीच्या सोयीचा खासच नाही.

वयाचा हिशेबही याच्याशी जुळतो. तैलग्रंथी जाग्या होतात त्या पौगंडावस्थेत, आणि कोंडा सुरू होतो तोही तेव्हाच. पन्नाशीनंतर तो ओसरू लागतो. पार्किन्सन आणि एचआयव्हीच्या रुग्णांत कोंड्याचाच थोरला भाऊ, सेबोरिक डर्मटायटिस, बराच जास्त आढळतो. बुरशी तीच, पण यजमान बदलला.

अलीकडे चर्चेत जीवाणूही आले आहेत. फ्रान्समधल्या २०१३ च्या एका अभ्यासात कोंडा असलेल्या डोक्यांवर मॅलेसेझिया रिस्ट्रिक्टा आणि स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस यांचे प्रमाण जास्त, तर क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेसचे कमी आढळले. भोपाळच्या आयसरमधील संशोधकांनी १४० भारतीय स्त्रियांच्या डोक्यांवरचे नमुने तपासून २०१८ साली साधारण तसेच चित्र मांडले. काहींनी यावरून कोंड्याचे खरे मूळ जीवाणूंचा बिघडलेला समतोल आहे असे म्हणायला सुरुवात केली आहे. मला ही उडी मोठी वाटते. खपल्या, बदललेला मेद आणि सैल झालेली त्वचा ही जीवाणूंसाठी नवी परिस्थिती आहे आणि त्यांचे प्रमाण त्यामुळेच बदलत असेल. म्हणजे क्लिगमन मंडळींचा तो जुना आक्षेप बुरशीला जितका लागू पडला नाही, तितका इथे लागू पडतो.

आता आपल्या घराघरांतला प्रश्न: तेल लावावे की नाही? कोंडा म्हणजे कोरडेपणा असे धरून खोबरेल तेल चोपडायची पद्धत आहे. तेलाने खपल्या बसतात, दिसेनाशा होतात, आणि कोंडा गेल्यासारखा वाटतो. पण खोबरेल तेलातले जवळपास निम्मे मेदाम्ल लॉरिक आहे आणि तेवढ्या लांबीची साखळी मॅलेसेझियाला पचते. उलट बाजूने, लॉरिक आम्ल काही सूक्ष्मजीवांना मारकही आहे. आणि भोपाळच्याच गटाने २०२१ साली काही आठवडे खोबरेल तेल लावलेल्या स्त्रियांत निरोगी डोक्याशी जोडलेले सूक्ष्मजीव वाढल्याचे नोंदवले. तेव्हा खोबरेलाला सरसकट दोषी धरता येत नाही. ऑलिव्ह तेलाची गोष्ट वेगळी. ते बहुतांशी ओलेइक आम्लाचेच, म्हणून कोंडा असलेल्याने ते रात्रभर डोक्यावर ठेवणे मला तरी शहाणपणाचे वाटत नाही. नरकचतुर्दशीच्या पहाटे लावलेले तेल थोड्या वेळात शिकेकाईने निघून जाते, त्याची धास्ती कुणी घेऊ नये.

उपचाराची रीत पाहिली तरी हेच दिसते. कीटोकोनॅझोलचा दोन टक्के शाम्पू सुरुवातीला आठवड्यातून दोनदा, दोन ते चार आठवडे वापरतात. फेस करून तीन ते पाच मिनिटे ठेवायचा, मग धुवायचा. त्यानंतर तो बंद न करता आठवड्या-दोन आठवड्यांतून एकदा चालू ठेवायला सांगतात. कारण बुरशी पुन्हा येणारच असते, तिला लागणारे तेल डोक्यात रोज तयार होते, आणि कातडीचा स्वभाव बदलणारा शाम्पू अजून निघालेला नाही. महिनाभर नेमाने वापरूनही फरक पडला नाही, खपल्या जाड आणि चंदेरी असल्या किंवा लहान मुलाच्या डोक्यावर केस गळून चट्टा पडला, तर तो कोंडा नसून सोरायसिस किंवा गजकर्ण असू शकते, आणि तिथे दुकानातला शाम्पू बदलत बसण्याऐवजी त्वचारोगतज्ज्ञ गाठावा.