नॉबवरचे १६०

माझा मावसभाऊ सुरतजवळच्या पलसाण्यात एका डाइंग मिलमध्ये स्टेंटरवर, म्हणजे कापड ताणून तापवणाऱ्या यंत्रावर असतो. कुटुंब मूळचं अमळनेरचं. गेल्या दिवाळीत वहिनींनी ओटीजीत नानकटाई केली. नॉब १६०वर, वेळ घड्याळ लावून. तरी पहिला ट्रे खालून काळाकुट्ट. वहिनी मैद्याला दोष देत होत्या. भाऊ म्हणाला, "मैदा बरोबर आहे गं. नॉब खोटा बोलतोय."

त्याला हा संशय आधी येणं साहजिकच होतं. पॉलिएस्टरचं कापड स्टेंटरमध्ये साधारण १८० ते २१० अंशांवर 'सेट' करतात. दहा अंश इकडेतिकडे झाले की शेड बदलते, कापड कडक होतं. म्हणजे मिलमधलं आणि स्वयंपाकघरातलं तापमान जवळपास सारखंच. फरक एवढाच की मिलमध्ये ते सेन्सरवर मोजत असतात आणि घरी आपण प्लास्टिकच्या गोल चकतीवर छापलेल्या आकड्यावर विश्वास टाकतो.

ही चकती काही मोजत नाही. तिच्यामागे असतो थर्मोस्टॅट. साध्या ओटीजीत बहुधा दोन वेगवेगळ्या धातूंची एकमेकांना चिकटवलेली पट्टी असते. तापल्यावर एक धातू जास्त फुगतो, दुसरा कमी. पट्टी वाकते आणि विजेचा संपर्क तुटतो. नॉब फिरवला की ती किती वाकल्यावर संपर्क तुटावा, एवढंच बदलतं. मोठ्या ओव्हनमध्ये पट्टीऐवजी तेल भरलेली बारीक नळी असते. तेल फुगून पडदा ढकलतं. नळी फुटून तेल गळालं तर पडदा हलतच नाही आणि रॉड तापतच राहतात. रॉड चालू असल्याचं दाखवणारा दिवा कधी विझतच नसेल तर तो ओव्हन लावू नका, थर्मोस्टॅट बदलून घ्या.

भट्टीनं आपली आच आपणच सांभाळावी, ही कल्पना जुनी आहे. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला कॉर्नेलिस ड्रेबेल या डच माणसानं अंडी उबवायला अशी भट्टी बनवली होती. सुरतेची नानकटाईही डचांच्या बेकऱ्यांतूनच आली असं सांगतात. तेव्हा त्या काळ्या ट्रेचं खापर दोन्ही बाजूंनी डचांवर फोडायला हरकत नाही!

आम्ही ओव्हनमध्ये ठेवायचा थर्मामीटर आणला आणि मधल्या जाळीवर ठेवला. नॉब १६०वर. पहिल्यांदा दिवा विझला तो आकडा धरायचा नाही, कारण तेव्हा भिंती तापलेल्या नसतात. अर्ध्या तासानंतर दार न उघडता, काचेतून पाहिलं: काटा १७२ आणि १९४ यांच्यामध्ये झुलत होता. रॉड एक तर चालू, नाहीतर बंद. त्यामुळे हे झुलणं असायचंच. मधला आकडा १८३, म्हणजे २३ अंश जास्त. मग २०० लावलं, तर सरासरी २२४.

दोन्हीकडे फरक जवळपास तेवढाच, ही खूण महत्त्वाची. फरक तापमानाबरोबर वाढत गेला असता तर दोष पट्टीत किंवा तिच्या स्प्रिंगमध्ये शोधावा लागला असता. इथे पट्टी नव्हे, आकड्यांची चकतीच सरकलेली होती. प्लग काढून नॉब ओढला, तर त्याच्या आतली नळी चिरलेली. थर्मोस्टॅटच्या एका बाजूनं चपट्या दांड्यावर नॉब घट्ट न बसता फिरून गेला होता.

थर्मामीटर नसेल तर साखर आहे. साखर साधारण १८६ अंशांना वितळते. फॉइलवर चमचाभर पसरून नॉब १७५वर पंधरा मिनिटं ठेवा. वितळली तर ओव्हन जास्त तापतोय. १९५ला तशीच कोरडी राहिली तर कमी. ही चाचणी ढोबळ आहे, पण फुकट आहे.

काही थर्मोस्टॅटच्या पोकळ दांड्यात जुळवणीचा बारीक स्क्रू असतो. आमच्यात नव्हता. कडोदऱ्याच्या दुकानातून नवा नॉब आणला आणि पुन्हा मोजलं: १६०ला सरासरी १६५. पाच अंशांसाठी कोण आणखी उघडझाप करणार? भावानं १५५पाशी मार्करनं रेघ ओढली. वहिनींनी चिकटपट्टीचा तुकडा लावून तिच्यावर लिहिलं: 'नानकटाई'.