पोट उघडं ठेवलं, ते काहून?

बाळापूरच्या बचत गटांकडून आम्ही बोलतोय. आजचा विषय दवाखान्याचा आहे, पण आपल्या घराजवळचा आहे. आपलं बाळापूर राष्ट्रीय महामार्ग ५३ वर. एकीकडे खामगाव, दुसरीकडे अकोला, आणि मधून रात्रंदिवस ट्रक. शाळेतली पोरं आणि वावरात जाणाऱ्या बाया याच रस्त्यानं जातात.

मागच्या वर्षी आमच्या गटातल्या एका ताईंचा मुलगा मोटरसायकलवरून पडला. बाहेरून फक्त खरचटलं होतं. पण डाव्या बरगड्यांखाली प्लीहा नावाचा अवयव असतो, तो आत फाटला होता आणि पोटात रक्त साचत होतं. सर्जननं तासाभरात ऑपरेशन आटोपलं आणि पोट न शिवता, वरून झाकून, त्याला आयसीयूत पाठवलं. ताई फोनवर रडत म्हणाल्या, "डाक्टरनं पोट उघडंच ठेवलं वं माय, अर्धवट सोडलं काहून?" घरचे लोक भांडायला उठले. दोन दिवसांनी दुसरं ऑपरेशन झालं आणि पोट शिवलं. मुलगा आज वावरात काम करतो. पण त्या दोन दिवसांत आम्हाला कोणी काही उलगडून सांगितलं नाही. आम्ही ते नंतर विचारून घेतलं.

फार रक्त गेलं की अंग थंड पडतं. थंडीत विरजण नीट लागत नाही, तसं थंड अंगात रक्त गोठत नाही. शिवाय रक्तातली आम्लता वाढते, म्हणून ते आणखीच गोठत नाही आणि वाहत राहतं. अशा वेळी चार तास ऑपरेशन चालवलं तर माणूस टेबलावरच जातो. म्हणून सर्जन आधी फक्त रक्त थांबवतो, आत स्वच्छ कापडाच्या घड्या दाबून ठेवतो आणि पोट तात्पुरतं झाकतो. मग आयसीयूत अंग गरम करायचं, रक्त चढवायचं, श्वासाला मशीन लावायचं. एकदोन दिवसांत तब्येत सावरली की उरलेलं काम करायचं. याला 'डॅमेज कंट्रोल' म्हणतात. हा शब्द आरमारातला आहे. जहाजाला भोक पडलं तर आधी ते तरंगतं ठेवायचं, दुरुस्ती बंदरावर गेल्यावर. १९९३ साली अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या सर्जननी या पद्धतीला हे नाव दिलं.

म्हणजे ते अर्धवट नव्हतं. कुठं थांबायचं हे त्या डॉक्टरला माहीत होतं. हे माहीत व्हायला किती वर्षं लागतात ते बघा. एमबीबीएस इंटर्नशिपसकट साडेपाच वर्षं. मग सर्जरीचं एमएस तीन वर्षं. त्यापुढे ज्याला अपघाताचे रुग्ण आणि आयसीयू दोन्ही सांभाळायचे असतात, तो आणखी शिकतो. दिल्लीच्या एम्सच्या ट्रॉमा सेंटरमध्ये यासाठी तीन वर्षांचं एमसीएच आहे. राष्ट्रीय परीक्षा मंडळाची ट्रॉमाची दोन वर्षांची फेलोशिपही आहे. फेलोशिप म्हणजे जाणत्या सर्जनच्या हाताखाली रात्रपाळ्या करत घेतलेलं शिक्षण. छातीत नळी कधी घालायची, सोनोग्राफीनं पोटातलं रक्त दोन मिनिटांत कसं ओळखायचं, कोणाला आधी आत न्यायचं, आणि बाहेर बसलेल्या आईला काय सांगायचं, हेही त्यात आलं.

असे डॉक्टर थोडे, आणि तेही मोठ्या शहरांत. मग आपल्या भागानं काय करावं? एक खरी गोष्ट ऐका. १९७६ साली अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात जेम्स स्टायनर या हाडांच्या डॉक्टरांचं छोटं विमान शेतात कोसळलं. पत्नी गेली, चारपैकी तीन मुलं गंभीर जखमी झाली. जवळच्या खेड्यातल्या दवाखान्यात अशा जखमींना कसं सांभाळायचं याची तयारीच नव्हती. त्यातून त्यांनी खटपट केली आणि १९७८ मध्ये खेड्यापाड्यांतल्या डॉक्टरांसाठी छोटा अभ्यासक्रम सुरू झाला. आधी श्वासाची वाट, मग श्वास, मग रक्तस्राव, मग मेंदू, मग बाकीचं अंग, असा क्रम त्यात ठरवून दिला होता. आज जगभर डॉक्टर तो शिकतात. म्हणजे लहान दवाखान्यानं सगळं करायची गरज नाही. क्रम चुकवू नये आणि पुढे पाठवायला उशीर करू नये.

आपल्या हातातलं सांगतो. अपघात झाला की १०८ ला फोन. मान, पाठ उगाच हलवायची नाही. रक्त वाहत असेल तिथं स्वच्छ कापड घट्ट दाबून धरायचं. अंगावर चादर किंवा गोधडी टाकायची. पाणी, चहा काहीच पाजायचं नाही, कारण ऑपरेशन लागू शकतं. अपघाताची वेळ कागदावर लिहून डॉक्टरकडे द्यायची. दवाखान्यात तीन प्रश्न विचारायचे: सर्जन आहेत का, रक्त मिळेल का, आयसीयू आहे का? एकाचंही उत्तर 'नाही' आलं, तर पुढच्या दवाखान्याला इथूनच फोन करून रुग्ण पाठवा, असं म्हणायचं.

पोलिसांच्या भीतीनं मागे राहू नका. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याचं कलम १३४-अ मदत करणाऱ्याला संरक्षण देतं. जखमीला चांगल्या मनानं मदत केली म्हणून तुमच्यावर खटला होत नाही.

आमच्या गटानं आता एक वही केली आहे. रक्त द्यायला तयार असलेल्यांची नावं, रक्तगट आणि फोन नंबर त्यात आहेत. पहिलं नाव त्याच ताईंनी लिहिलं. तुमच्या पुढच्या बैठकीत अशी वही उघडा.