डाव जिंकला, तरी हजार गेले

पगाराचा आठवडा आला की महाळुंग्यात आमच्या बचत गटांच्या बैठकीत हप्त्याचा विषय निघतो, आणि हल्ली त्याच्या जोडीला मोबाईलवरच्या पत्त्यांचाही. घरातला माणूस सांगतो, "अगं, मी जिंकलोय." मग पैसे कुठे आहेत? आज आम्ही तेच उलगडून सांगणार आहोत.

पोकर हा तीन पत्तीच्या जातीचाच डाव. समोरचे सगळे पैसे एकदम लावले की त्याला 'ऑल-इन' म्हणतात. समजा, अण्णाकडे १५०० रुपये आहेत, दादाकडे २००० आणि भाऊकडे ५०००. तिघांनीही सगळे लावले. आता अण्णाने १५००च लावलेत, तर भाऊचे ५००० त्याला कसे मिळतील? नाहीच मिळत. ज्याने जेवढे लावले, तेवढेच तो प्रत्येकाकडून जिंकू शकतो.

म्हणून ढीग वेगळे करतात. तिघांचे १५००-१५०० मिळून ४५००चा मुख्य ढीग. त्यावर तिघांचा हक्क. दादाचे उरले ५००, त्याच्या बरोबरीने भाऊचे ५००, हा १०००चा बाजूचा ढीग, म्हणजे 'साईड पॉट'. त्यात अण्णा नाही. भाऊचे वरचे ३००० त्याला परत, कारण त्यांच्यासमोर लावायला कुणाकडे काही उरलेलंच नाही.

पानं उघडली. अण्णाची सगळ्यांत भारी, ४५०० त्याचे. उरलेल्या दोघांत दादाची वरचढ, बाजूचे १००० त्याचे. स्क्रीनवर दादा 'जिंकला'. पण लावले २००० आणि हाती आले १०००! गटाची वही लिहिणाऱ्या बाईला हे लगेच दिसतं, रंगीत स्क्रीन ते दाखवत नाही. शिवाय खेळवणारा ढिगातून आपलं कमिशन काढून घेतो, ते वेगळंच. म्हणून घरी "किती जिंकलात?" असं विचारू नका. किती लावले आणि किती परत आले, हे दोन आकडे मागा.

गोव्यात पणजीला मांडवी नदीतल्या बोटींवर परवान्याने कॅसिनो चालतात. मोबाईलवर पैसे लावून खेळायच्या खेळांवर मात्र संसदेने ऑगस्ट २०२५मध्ये बंदीचा कायदा मंजूर केला. 'हा डोक्याचा खेळ आहे' ही सबब त्यात चालत नाही. शिक्षा खेळवणाऱ्याला आणि जाहिरात करणाऱ्याला आहे, नुसतं खेळणाऱ्याला नाही. तेव्हा नवरा अडकेल या भीतीने गप्प बसू नका. ऑनलाइन फसवून पैसे काढून घेतले असतील, तर १९३० या नंबरवर त्याच दिवशी फोन करा.