आधी ऊब, मग पाणी, अन्न शेवटी

हाडं दिसणारा जीव घरात आला की आपला हात आधी अन्नाकडे जातो. कुत्रा असो, मांजर असो, चुकून दारात आलेलं वासरू असो, आधी त्याच्या तोंडापुढे काहीतरी ठेवायचं आणि मग बाकीचं बघायचं. ही सवय चांगलीच आहे. पण खंगलेला साप घरी आणलात तर ती काही दिवस बाजूला ठेवावी लागते. थंडीत, तहानेत महिनोन्‌महिने काढलेल्या अजगराला पहिल्याच दिवशी उंदीर दिला, तर तो बहुधा तोंड लावणार नाही. गिळलाच, तर दोन-चार दिवसांनी उलटून टाकेल, आणि त्या उलटीबरोबर अंगात उरलेलं थोडंफार पाणीही जाईल. अशक्त साप एवढ्यानेही दगावू शकतो.

मी इंग्लंडमध्ये राहते आणि सरपटणाऱ्या प्राण्यांच्या एका लहानशा निवाऱ्यात मदतीला जाते. इथे रॉयल पायथन, कॉर्न स्नेक असे बिनविषारी साप पाळायला परवाना लागत नाही. विषारी सापांसाठी १९७६ चा वेगळा कायदा आहे. पिल्लू घेताना फारसा खर्च येत नाही. पण हा प्राणी वीस-तीस वर्षं जगतो आणि बाराही महिने विजेवरची ऊब मागतो. मुलं शिकायला बाहेरगावी जातात, भाड्याचं घर बदलतं, विजेचं बिल वाढतं, आणि सापाची पेटी हळूहळू गॅरेजमध्ये सरकते. साप भुंकत नाही, दार खरवडत नाही. त्याची उपासमार त्याच घरात राहणाऱ्यांनाही ऐकू येत नाही. आमची शेवंता अशाच एका पेटीतून आली. तिथला दिवा कधीचा गेलेला होता आणि तो कुणी बदलला नव्हता.

शेवंता रॉयल पायथन आहे. घाबरली की डोकं मध्ये घेऊन अंगाचा चेंडू करते, म्हणून या जातीला बॉल पायथनही म्हणतात. सेनेगलपासून युगांडापर्यंतच्या गवताळ रानांत हा अजगर राहतो. आपल्याकडच्या अजगराच्या मानाने तो लहानच. मादी चार-पाच फुटांची, नर त्याहून आखूड. दिवसभर तो उंदरांच्या बिळात नाहीतर वाळवीच्या वारुळात पडून असतो आणि रात्री बाहेर निघतो. बेनिनमधल्या विदा शहरात याच अजगरांचं एक देऊळ आहे. तिथले साप रात्री गावात फिरतात, आणि कुणाच्या घरात शिरले तर लोक त्यांना सांभाळून देवळात परत आणून सोडतात. नागपंचमीला वारुळाची पूजा करणाऱ्या मुलखातून आलेल्या मला ही गोष्ट परकी वाटली नाही. मात्र त्याच बेनिनमधून आणि शेजारच्या टोगो, घाना या देशांतून गेल्या काही दशकांत या जातीचे लाखो साप जगभरच्या बाजारात गेले. ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात ही जात आहे, म्हणजे व्यापार चालतो, पण कागदपत्रांसह.

वारुळाचा उल्लेख केवळ हौसेने केलेला नाही. या सापाची शुश्रूषा म्हणजे आपल्या खोलीत एक वारूळ उभं करणं. आत अंधार हवा, उबदार आणि दमट हवा हवी, आणि चारही बाजूंनी अंगाला टेकेल अशी अडचणीची जागा हवी. मोठी, उघडी, लखलखीत काचपेटी आपल्याला प्रशस्त वाटते. घाबरलेल्या अजगराला तीच भर माळावर टाकल्यासारखी वाटते. म्हणून पेटीत दडायला किमान दोन जागा लागतात, एक उबदार बाजूला आणि एक थंड बाजूला. एकच जागा ठेवली तर ऊब आणि आडोसा यातलं एक निवडायची पाळी सापावर येते, आणि भेदरलेला साप दर वेळी आडोसा निवडतो, मग तिथे कितीही गारठा असो.

आता ऊब. सापाचं शरीर स्वतः उष्णता तयार करून टिकवत नाही; बाहेरून मिळेल तेवढ्यावर त्याचं सगळं चालतं. पचन, जखम भरणं, जंतूंशी लढणं, औषध अंगी लागणं, यांतलं काहीही गार शरीरात नीट होत नाही. रॉयल पायथनला उबदार कोपऱ्यात बसायच्या जागी साधारण ३२ अंश सेल्सिअस लागतात, थंड बाजूला २५ ते २७, आणि रात्री २४ च्या खाली जायला नको. दोन टोकांमधला हा फरक फार महत्त्वाचा, कारण साप सरकत सरकत स्वतःचं तापमान स्वतः जमवतो. उष्णतेचं साधन कुठलंही असो, त्याला थर्मोस्टॅट हवाच, आणि दिव्याला जाळी. उघड्या दिव्याला किंवा नुसत्या तापणाऱ्या दगडाला चिकटून बसलेले साप गंभीर भाजेपर्यंत तिथून हलत नाहीत. निवाऱ्यात पोटाखालचे खवले जळलेले साप येतात ते यामुळेच. आकडे काचेवर चिकटवलेल्या गोल काट्यावर वाचू नयेत. दोन्ही टोकांना सापाच्या उंचीवर डिजिटल तापमापक ठेवावेत. आणि पेटी सुरू करून आकडे एक-दोन दिवस स्थिर राहिलेले पाहावेत, मगच साप आणावा.

पाणी दुसरं, पण ऊब आणि पाणी प्रत्यक्षात बरोबरीनेच चालतात. सुकलेला साप ओळखायला अवघड नाही. कातडीला सुरकुत्या पडतात, चिमटीत धरलेली घडी हळू परत जाते, डोळे आत ओढल्यासारखे दिसतात, तोंडात चिकट तार धरते. साप लघवी मुख्यतः द्रवरूपात करत नाही. पांढरा, खडूसारखा युरेट टाकतो. तो पिवळा आणि दगडासारखा कडक येऊ लागला की मूत्रपिंडांवर ताण आहे असं समजावं. पेटीत जड बुडाचं, सहज न कलंडणारं भांडं आणि त्यात रोज ताजं पाणी हवं. हवेतला ओलावा साधारण ५५ ते ६५ टक्के, कात टाकताना ७० च्या आसपास. फार सुकलेल्या सापाला कोमट, म्हणजे तिशीच्या आतल्या तापमानाच्या पाण्यात पंधरा-वीस मिनिटं बसवता येतं. पाणी अंगाच्या निम्म्या उंचीपर्यंतच असावं, आणि तेवढा वेळ आपण जागेवरून हलू नये. अशक्त साप उथळ पाण्यातही बुडू शकतो. एवढ्याने भागलं नाही तर डॉक्टर सुईने द्रव देतात.

कातीची भानगड याच तहानेतून येते. निरोगी साप नाकापासून शेपटीपर्यंत सलग कात टाकतो, मोज्यासारखी उलटी. सुकलेल्या सापाची कात तुकड्यातुकड्यांनी निघते आणि काही ठिकाणी चिकटून राहते. शेपटीच्या टोकाला तिची कडी उरली की रक्त अडतं आणि टोक काळं पडून गळतं. सापाला पापणी नसते. डोळ्यावर एक पारदर्शक खवला असतो आणि कातीबरोबर त्याचाही वरचा पदर जातो. तो पदर डोळ्यावर राहून गेला तर डोळा धुरकट, खरबरीत दिसतो. चिमट्याने तो ओढायचा मोह अनेकांना होतो. कृपा करून ओढू नका. खालचा जिवंत खवला निघाला तर डोळाच जातो. ओलं शेवाळ किंवा ओला टॉवेल भरलेला डबा द्यावा, त्यातून त्याला हवं तसं जाऊ-येऊ द्यावं. पुष्कळदा पुढच्या कातीबरोबर जुना पदरही सुटतो. दोन काती होऊनही राहिला तर तो डॉक्टरांच्या हातचा मामला आहे.

शेवंताला आणल्यावर तिच्या पेटीत माती नव्हती, नारळाचा भुसाही नव्हता. नुसते पांढरे कागदी टॉवेल अंथरले होते. बघायला ते रुक्ष दिसतं, पण पांढऱ्या कागदावर सगळं कळतं. विष्ठा कशी आहे, रक्त आहे का, आणि मुख्य म्हणजे काळे ठिपके सरकतायत का. सापाच्या अंगावर रक्त पिणारे बारीक माइट्स असतात. हनुवटीखाली, डोळ्यांच्या कडेला, खवल्यांच्या फटीत ते बसतात. साप तासन्‌तास पाण्याच्या भांड्यात बसून राहू लागला आणि पाण्यात मिरीच्या पुडीसारखं काही दिसलं की हेच समजावं. त्यांची अंडी सापाच्या अंगावर नसतात, पेटीच्या खाचाखोचांत असतात. त्यामुळे नुसता साप धुऊन काही होत नाही. पेटीही पूर्ण रिकामी करून निस्तरावी लागते. घरात आधीचा साप असेल तर नव्याला वेगळ्या खोलीत किमान तीन महिने ठेवावं, भांडीकुंडी वेगळी, आणि रोजची कामं आधी जुन्याची, मग नव्याची. अजगरांच्या श्वासमार्गाला धरणारे निडोव्हायरस २०१४ मध्ये ओळखले गेले. ते वरून ठणठणीत दिसणाऱ्या सापातही असू शकतात.

डॉक्टरांकडे पहिल्या आठवड्यातच जावं, आणि सापांची माहिती असलेल्याच डॉक्टरांकडे. सापाला छातीचा पडदा नसतो, त्याला आपल्यासारखं खोकून कफ बाहेर काढता येत नाही. म्हणून तोंड उघडं ठेवून श्वास घेणं, नाकपुडीशी बुडबुडे, घरघर, मान वर करून धरणं, यांतलं काहीही दिसलं तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये. हिरड्यांवर लाल ठिपके किंवा पनीरसारखा पू दिसला तरी तेच. डोकं सतत डगमगत असेल आणि साप ‘स्पायडर’ या रंगवाणाचा असेल, तर तो दोष जन्माचा असू शकतो. एका विशिष्ट नक्षीसाठी माणसाने निवडून वाढवलेल्या जनुकाबरोबरच तो येतो आणि त्यावर उपाय नाही. अशा सापांची पैदास थांबायला हवी असं माझं ठाम मत आहे.

अन्नाचा नंबर आता. ते शेवटी का, हे ब्रह्मदेशी अजगरावरच्या संशोधनातून फार सुंदर कळतं. स्टीफन सेकोर आणि जॅरेड डायमंड यांनी दाखवून दिलं की उपाशी अजगर आपलं आतडं जवळजवळ मिटवून ठेवतो आणि भक्ष्य गिळल्यावर ते नव्याने वाढवतो. हृदयही दोन दिवसांत सुमारे ४० टक्क्यांनी जड होतं, असं २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळलं. म्हणजे एक जेवण हे सापाच्या शरीरासाठी केवढं तरी बांधकाम असतं. त्यासाठी ऊब लागते, पाणी लागतं, थोडी शिल्लक लागते. शिवाय फार दिवसांच्या उपासानंतर एकदम मोठं अन्न पडलं तर रक्तातले क्षार झपाट्याने बिघडतात; दुष्काळातून वाचलेल्या माणसांतही हेच होतं. म्हणून आठवडाभर पूर्ण शांतता, मग पहिला घास मुद्दाम लहान. एरवी भक्ष्य सापाच्या अंगाच्या सर्वांत जाड भागाएवढं चालतं. खंगलेल्याला त्याहून बरंच बारीक द्यावं आणि पुढच्या जेवणाआधी विष्ठा नीट झाली का ते बघावं. उलटी झाली तर निदान दोन आठवडे काही नाही.

इथे गोठवलेले उंदीर दुकानात मिळतात. ते पूर्ण वितळवून, कोमट करून चिमट्याने द्यायचे. रॉयल पायथनच्या ओठांवर उष्णता टिपणारे खळगे असतात. गार उंदीर त्याला भक्ष्य वाटतच नाही. जिवंत उंदीर पेटीत सोडू नये. उंदरावर ती क्रूरता आहेच, पण भूक नसलेल्या सापाला उंदीर कुरतडतो आणि पाठीचा कणा उघडा पडेपर्यंत जखमा करतो. खाल्ल्यानंतर दोन दिवस सापाला हात लावायचा नाही. नाही खाल्लं तर उंदीर काढून घ्यायचा आणि पुन्हा आठवडा थांबायचं. या जातीचे धडधाकट सापही महिनोन्‌महिने उपास करतात, त्यामुळे निर्णय घबराटीवर नाही, वजनावर घ्यावा. स्वयंपाकघरातला काटा चालतो, मात्र तो सापासाठीच वेगळा ठेवावा. दर आठवड्याचं वजन वहीत लिहावं. अंग पाठीवर छपरासारखं उतरतं आहे की पावासारखं गोलसर होतंय, हेही. शेवंताची वही मी अजून लिहिते, आणि तिचं अंग भरत गेलेलं त्या आकड्यांत बघताना मला मनापासून आनंद होतो.

हाताळणं सगळ्यात शेवटी. ठरावीक वेळेला पाणी बदलायचं, कागद बदलायचा आणि हात मागे घ्यायचा. नेमाने खाऊ लागल्यावर पाच-पाच मिनिटं, अंगाला दोन्ही हातांचा आधार देऊन. प्रत्येक वेळी हात साबणाने धुवायचे. सापांच्या अंगावर साल्मोनेला जंतू असू शकतात आणि लहान मुलांना ते बाधतात.

भारतातल्या वाचकांसाठी कायद्याचं सांगणं भाग आहे. नाग, धामण, आपला अजगर हे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. ते पाळणं गुन्हा आहे, भले दयेपोटी घरी आणलेले असोत. परदेशी साप पाळणाऱ्याने, २०२२ ची दुरुस्ती आणि २०२४ चे नियम यांनुसार, परिवेश या सरकारी पोर्टलवर नोंद करायची असते. हस्तांतर, जन्म आणि मृत्यूसुद्धा कळवायचा असतो. म्हणून कुणी मुंबई-पुण्यात बॉल पायथन ‘असाच’ देऊ केला तर आधी नोंदणीचा कागद मागावा.

गारुड्याच्या टोपलीतला नाग तर सगळ्यांत दुर्लक्षित साप. त्याचे दात उपटलेले असतात, कधी तोंड शिवलेलं असतं, आणि नागपंचमीआधी त्याला तहानलेला ठेवतात म्हणूनच तो दुधाला तोंड लावतो. दूध सापाला पचत नाही. नाग पुढे आणला तर पैसे देऊ नका, साप विकत घेऊन ‘सोडवू’ही नका, कारण त्या पैशातून दुसरा पकडला जातो. महाराष्ट्रात वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा आणि गारुडी कुठे उभा आहे, टोपल्या किती आहेत, ते सांगा. विषदंत पुन्हा येऊ शकतात, पण जबड्यात पू झालेला असेल तर औषधोपचार आधी लागतो. त्या नागाला रानात केव्हा सोडायचं, की सोडायचंच नाही, हे डॉक्टर तपासून सांगतात आणि वनविभाग ठरवतो.